11,000 चा नारळ

गेल्या वर्षी हंगामाच्या सणाला मी आमच्या चर्चच्या लिलावात एक नारळ 11,000 रुपयाला घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, आपल्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये या सणाला लोक शेतातलं, घरातलं काहीबाही आणतात, भोपळा, ज्वारी, अंडी, कोंबडी, आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो, पैसा चर्चच्या कामाला जातो. ही रीत मला लहानपणापासून फार आवडते. पण त्या दिवशी समोरून एकजण बोली वाढवत होता आणि मी पण वाढवत गेलो, तीन हजाराच्या पुढे मला नारळ दिसतच नव्हता, लोक बघतायत एवढंच दिसत होतं. टाळ्या पडल्या. तेव्हा माझ्या क्रेडिट कार्डावर 38,000 थकले होते, मी नुसता मिनिमम ड्यू भरत होतो, आणि हे बायकोलाही माहीत नव्हतं.

देवालाच दिलं ना, मग काय चुकलं, असं किती दिवस मनाला समजावलं. मग एका रात्री बायबलातल्या लूक 18 मधला परूशी, म्हणजे कडक धर्म पाळणारा यहूदी, वाचला. तो खोटं बोलत नाही हो, तो खरंच दशांश देतो, खरंच उपास करतो. फक्त देताना त्याची नजर शेजारच्या जकातदारावर आहे, ज्याला तो पापी म्हणून कमी लेखतो. माझी नजर त्या समोरच्या बोलीवाल्यावर होती.

गर्व म्हणजे महागडी गाडी, मोठा बंगला असं आपण समजतो. माझा गर्व म्हणजे "परवडत नाही" हे दोन शब्द तोंडातून न निघणं. भाऊजींनी स्वतःहून विचारलं होतं की कार्डाचे पैसे मी भरतो, तू मला सावकाश दे, तर मी दोनदा नाही म्हणालो, सात महिने तसेच काढले, आणि कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्याच्या आसपास म्हणजे वर्षाचे चाळीसच्या वर. कर्ज घेणारा कर्ज देणाऱ्याचा दास होतो हे बायबलातल्या नीतिसूत्रांत आहे, मला पाठ होतं, पण बँकेचा दास झालेलं चाललं, भाऊजींसमोर वाकणं नाही चाललं.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते, ती बोलतोच. कर्जात बुडालेल्या माणसाला "विश्वासाने पेर (म्हणजे आधी दान दे), देव कर्ज फेडेल" असं सांगणारे प्रचारक. प्रेषित पौल 2 करिंथ 8 मध्ये, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, स्पष्ट लिहितो की ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. आणि मंदिरात आपली होती तेवढी दोन टोल्या, म्हणजे बारीक नाणी, टाकणाऱ्या विधवेवर संदेश देताना जरा चार ओळी मागे पण जावं, तिथे येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतोय.

आमच्या नगरला ख्रिस्ती कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांचं उदाहरण नेहमी देतात, हातात आलं ते वाटून टाकलं, शेवटी 1917 ला मिशनची नोकरीही सोडली. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण चूल कशी पेटायची ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विचारावं लागतं, आणि त्या माउलीने काटकसरीने जो संसार ओढला त्याला मी टिळकांच्या दानाइतकीच भक्ती मानतो. लूक 14 मध्ये बुरूज बांधणारा "आधी बसून" खर्चाचा हिशोब करतो. येशू तिथे शिष्य होण्याची किंमत सांगतोय हे खरं, पण मला ते "बसून" लागलं, मी कधी बसलोच नव्हतो.

ऑगस्टमध्ये बसलो. बायकोसमोर सगळी स्टेटमेंट टाकली, ती रडली, मग वही काढली. नंतर भाऊजींना फोन केला, आवाज निघत नव्हता. कार्ड बंद केलं. आता अर्पण आधी बाजूला काढतो, पाकिटात, नाव न घालता, पूर्वीपेक्षा कमी आहे पण आमचं आहे. भाऊजींचे अजून 14,000 बाकी आहेत. यंदाच्या लिलावात मी 150 ला मेथीची जुडी घेतली, पुढची बोली आली नाही, आणि घरी आल्यावर बायकोने ते 150 पण वहीत लिहिले.