ओढा कुठं गेला?

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून पुन्हा जुंपली आहे. ४४ किलोमीटरचा काठ. कुणाला तो साबरमतीसारखा चकाचक हवाय, कुणी म्हणतं पात्र आवळलं जाईल, झाडं जातील. मी दुसऱ्या गटात आहे. पण टोरोंटोत बसून वाचताना वाटतं, यातले किती जण त्या काठानं दोन किलोमीटर चाललेत?

मीही चाललो नव्हतो. सहकारनगरात वाढलो, पण मुठेला मिळणारा आंबिल ओढा म्हणजे नाक दाबून ओलांडायचा पूल, एवढीच ओळख. ओढा बघायला शिकलो तो इथं, आणि तोही नसलेला. गॅरिसन क्रीक नावाचा ओढा इथल्या लोकांनी १८८०च्या दशकात गटारात घातला. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांच्या आठवणीत २००७पासून इथं दर मे महिन्यात लोक आपापल्या भागात चालायला निघतात. तशाच एका फेरीत वाट दाखवणाऱ्या बाईंनी नकाशा दिलाच नाही. म्हणाल्या, ‘तुम्ही पाणी आहात असं समजा आणि चाला.’ वीसेक मोठी माणसं उतार हुंगत निघाली! काटकोनातले रस्ते सोडून एकच गल्ली वाकडी का, घरं एका अंगाला कलली का, हे पायांना आधी कळलं. क्रॉफर्ड रस्त्याखाली तर कमानींचा अख्खा पूल १९६०च्या दशकात मातीत पुरलाय. एका परसात विलो दिसला. आपल्या वाळुंजाचा भाऊबंद. त्यालाही पाय ओले लागतात.

पण म्हणून ‘बघा, परदेशात कसं’ असं मी म्हणणार नाही. १९५४च्या हेझल वादळात इथं ८१ माणसं गेली, तेव्हा कुठं पूरपट्ट्यातली बांधकामं थांबली. जोराचा पाऊस झाला की जुन्या गटारांतला मैला आजही ओंटारिओ सरोवरात जातो. पुरलेला ओढा उकरून काढणं आता जवळपास अशक्य. आंबिल ओढा, वास मारत का होईना, अजून उघडा आहे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्रीच्या पुरात त्यानं भिंती पाडून आपली जागा दाखवलीही.

गेल्या डिसेंबरात दहा वर्षांच्या पुतण्याला घेऊन कात्रजहून दांडेकर पुलाकडे निघालो. वाटेत संरक्षक भिंत आडवी आली. ‘तू पाणी आहेस. आता कुठं जाशील?’ त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि एका सोसायटीच्या पार्किंगच्या उताराकडे बोट केलं. ‘इकडून, काका.’