पाकट चावत नाही

गणपती जवळ आले की एक मेसेज दरवर्षी फिरतो. त्याचं सार असं: समुद्रात पाकटांच्या, म्हणजे स्टिंगरे माशांच्या, झुंडी आल्या आहेत, ते माणसाला चावतात, शॉक देतात, चावला तर बर्फ लावा, चिरा देऊन विष काढा, आणि पाकट दिसला की ठेचून मारा. सोबत टीव्हीवर वन्यप्राण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह आयर्विनचा फोटो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तिघांनी तो टाकला. माझं आजोळ अलिबागजवळच्या कोळीवाड्यातलं. हा मासा मी लहानपणापासून जाळ्यात, बाजारात आणि ताटात बघत आलोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

भीतीला आधार आहे, हे आधी मान्य करतो. २०१३ मध्ये दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांच्या पायांना जखमा झाल्या, त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. वेदना भयंकर असते. पण त्या जखमा चाव्याच्या नव्हत्या.

बाजारात पाकट उलटा करून बघा. पांढऱ्या पोटावर दोन भोकं आणि खाली तोंड; मुलांना तो हसरा चेहराच वाटतो. ती भोकं म्हणजे नाकपुड्या. डोळे वरच्या अंगाला असतात, आणि त्यांच्या मागे आणखी दोन भोकं. वाळूत अंग पुरून बसल्यावर तोंडाने पाणी ओढलं तर गाळही आत जाईल, म्हणून पाकट त्या वरच्या भोकांतून पाणी घेतो आणि पोटाखालच्या कल्ल्यांच्या फटींतून सोडतो. त्याचं सगळं शरीरच तळाशी पडून राहण्यासाठी घडलेलं आहे. दात चपटे, खेकडे, कोळंबी, शिंपल्या चिरडण्यापुरते. असा मासा माणसाच्या घोट्याला चावायला वर येत नाही.

इजा करतो तो शेपटीवरचा काटा. त्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे मागे वळलेले दाते असतात, त्यामुळे आत शिरतो सहज, पण निघताना मांस फाडतो. काट्याच्या खालच्या अंगाला दोन खाचा, त्यांत विषाचा थर आणि वर पातळ कातडी. काटा रुतला की कातडी फाटते आणि विष जखमेत मिसळतं. पाठीवर पाय पडला की शेपटी आपसूक वर उसळते, म्हणून बहुतेक जखमा पावलाला आणि घोट्याला होतात. आयर्विनला २००६ मध्ये काटा थेट छातीत लागला आणि त्यातच तो गेला. असे मृत्यू अगदी विरळा.

झुंडीने हल्ला? पाकट उथळ वाळूत, चिखलात भक्ष्य शोधत असतो. पावसाळ्यात पाणी गढूळ, तळ दिसत नाही, आणि विसर्जनाला त्याच पट्ट्यात हजारो पावलं एकदम उतरतात. चाहूल लागली आणि वाट मिळाली तर तो निघून जातो.

शॉक देणारा मासा वेगळा. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वीज तयार करणारे अवयव असतात. काटेवाल्या पाकटाला ते नसतात. उलट, त्याच्या तोंडाभोवतीची बारीक छिद्रं वाळूत दडलेल्या खेकड्याच्या अंगातली क्षीण वीज हेरतात. म्हणजे वीज ओळखणारा मासा वीज सोडणारा ठरवला गेला.

सगळ्यात घातक आहे तो उपचाराचा सल्ला. बर्फ लावू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने त्याचा जोर मोडतो. त्यामुळे पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी आधी दुसऱ्या माणसाने हात घालून बघावं, कारण कळा मारणाऱ्या पायाला चटका समजत नाही. रक्त वाहत असेल तर दाबून धरा. मग डॉक्टरकडे जायचंच: काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो उपसू नका, तसंच रुग्णालयात न्या.

ठेचून मारण्याबद्दल एवढंच सांगतो की पाकटाची मादी अंडी टाकत नाही. पिल्लं पोटात वाढवते, गर्भाशयातल्या दुधासारख्या स्रावावर पोसते, आणि एका वेळी मोजकीच जन्माला घालते. शार्क-पाकटांच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती आज नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. शिवाय मेलेल्या पाकटाचा काटाही लागतो. जाळ्यात पाकट दिसला की माझा मामा बाकी मासळीला हात लावण्याआधी सुरीने तो काटा बुडापासून तोडायचा. एकदा काटा न काढलेल्या पाकटांच्या टोपलीत मी हात घातला, तेव्हा मामाने माझं मनगट असं धरलं की दोन दिवस दुखत होतं.

पाण्यात उतरताना मामा पाऊल उचलत नसे. वाळूत घासत, सरकवत पुढे जायचा. त्या घासण्याने पाकटाला चाहूल लागते आणि तो उठून जातो. विसर्जनाला मूर्ती घेऊन उतरणाऱ्यांनी असंच चालावं, पायात जाड बूट असले तर उत्तमच.