टाकी दर महिन्याला रिकामी करून धुवा म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

फिश टँकच्या साफसफाईवरच्या माझ्या लेखावर तुमची कमेंट वाचली. बाकीच्यांना कळावं म्हणून इथे देतो: "अर्धवट माहिती. कधी स्वतः टाकी धुतलीये का, की गुगलवरून उचललंय? आम्ही महिन्यातून एकदा सगळं रिकामं करून धुतो, मासे ठणठणीत. पाणी किती बदलायचं ते माशांच्या संख्येवर ठरतं, नायट्रेट मोजा, हे कुठंय? हीटर बंद करायचंही लिहिलं नाही."

हीटरचं मान्य. पाणी काढताना गरम हीटर उघडा पडला की त्याची काच तडकते, ते माझ्याकडून राहिलं.

पण "कधी स्वतः धुतलीये का" हे लागलं मला. अहो, २००९ साली क्रॉफर्ड मार्केटमधून २ फुटी टाकी आणि ४ गोल्डफिश आणले होते मी, आणि महिन्याभराने अगदी तुम्ही सांगताय तसंच केलं, सगळं पाणी फेकलं, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून धुतला, टाकी आरशासारखी केली. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते, आठवड्यात चारही गेले. माझी मुलगी तेव्हा ६ वर्षांची होती, ती दोन दिवस नीट जेवली नाही. हे गुगलवर नाही मिळत.

का गेले ते नंतर कळलं. मासे कल्ल्यांतून विषारी अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं सडूनही तोच होतो, आणि स्पंजवर, खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. ते पाण्यात फारसे नसतातच, चिकटून बसलेले असतात, त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं, आणि परत नीट बसायला ४ ते ६ आठवडे जातात. म्हणून सांगतो, आठवड्याला पाव पाणी बदला. २ बाय १ बाय १ फुटाच्या टाकीत काठोकाठ ५६ लिटर मावतं, त्याचं पाव म्हणजे एक बादलीभर झालं, सायफनच्या नळीने खड्यांतली घाण ओढा, नवीन पाण्यात क्लोरीन घालवणारं अँटीक्लोरीन घाला आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नाही!

तुमचे मासे ठणठणीत आहेत, छान आहे, तुमच्याकडे बोअरचं, बिनक्लोरीनचं पाणी असेल. नायट्रेट मोजायचं टेस्ट किट, माशांची संख्या वगैरे वेगळा विषय आहे, नवीन माणसाला पहिल्याच दिवशी आकडे सांगून घाबरवायचं नसतं. आणि चूक दाखवायची तर नीट शब्दांत दाखवा ना, रात्री जागून लिहितो मी हे, कुणी पैसे देत नाही.

हीटरची ओळ आज लेखात टाकतो. स्पंजबद्दलचं एक अक्षरही बदलणार नाही.