पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला ठरत नाही

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एसएमपीएसबद्दल, म्हणजे काँप्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याबद्दल, एक निरोप हमखास फिरतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: ‘काँप्युटर चालू होत नाही? एसएमपीएसच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडा. पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला, नाही फिरला तर गेला. कॅबिनेटला शॉक लागतो म्हणजे एसएमपीएस लीक आहे. ओल धरली असेल तर उघडून हेअर ड्रायर मारा. नवा घ्यायचाच झाला तर जास्त वॅटचा घ्या, कंपनी बघू नका.’

हिरव्या-काळ्या वायरची युक्ती खरी आहे. गडबड आहे ती तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

24 पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर (पिन 16) म्हणजे एसएमपीएस सुरू करण्याचा इशारा. ती काळीला जोडली की तो जागा होतो, एवढेच कळते. पंखा जेमतेम दोन-तीन वॅट खातो. रिकामा ट्रक सपाटीवर पळाला म्हणून भरलेला ट्रक कशेडी घाट चढेल असे कोणी म्हणत नाही. कॅपॅसिटर (वीज साठवून धरणारा भाग) फुगलेला एसएमपीएस पंखा मजेत फिरवतो आणि प्रोसेसरवर काम आले की 12 व्होल्टची लाइन खाली बसते. मशीन मग निळा पडदाही न दाखवता फटकन रीस्टार्ट होते. उलट बाजूही तितकीच फसवी आहे. काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर मुद्दाम बंद राहतो. निरोपावर विसंबलात तर तो धडधाकट असून भंगारात जाईल.

खरी तपासणी साध्या मल्टिमीटरने, सगळे जोडलेले असतानाच होते. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, काळा प्रोब कोणत्याही काळ्या वायरला. लाल प्रोबचे टोक, वायर कनेक्टरमध्ये जिथे शिरते तिथे मागून सरकवा. टोक शेजारच्या पिनला लागू देऊ नका. आधी जांभळी (पिन 9): मशीन बंद, पण प्लग चालू असताना इथे 5 व्होल्ट हवेत. नसतील आणि भिंतीतला प्लग व केबल ठीक असतील, तर संशय थेट एसएमपीएसवर. जांभळी ठीक असेल तर हिरवी बघा. पॉवर बटण दाबले की तिचा व्होल्टेज शून्याजवळ यायला हवा. येत नसेल तर दोष बटणात किंवा मदरबोर्डात; एसएमपीएस बदलून काही होणार नाही. हिरवी खाली येऊनही राखाडी (पिन 8, ‘आउटपुट ठीक आहे’ हा इशारा) 5 व्होल्टच्या आसपास चढत नसेल, तर एसएमपीएसला स्वतःचेच आउटपुट पसंत नाही. हे बऱ्याचदा त्याचेच दुखणे असते, पण मदरबोर्डावर शॉर्ट असला तरी असेच दिसते.

शेवटी मशीनला काम देऊन मोजा. पिवळीवर 11.40 ते 12.60, लालवर 4.75 ते 5.25, नारिंगीवर 3.14 ते 3.47. याबाहेर आकडा गेला की बदला. आत राहिला तरी सुटका नाही, कारण व्होल्टेजवरची बारीक थरथर मीटर सरासरीत गिळून टाकतो. तेव्हा ओळखीच्या चांगल्या एसएमपीएसवर तेच मशीन चालवून पाहणे हाच इलाज. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर 41’ दिसले की काहीजण लगेच एसएमपीएसवर बोट ठेवतात. त्या नोंदीचा अर्थ मशीन नीट बंद झाले नव्हते, इतकाच. लाइट गेली तरी ती पडते.

शॉकचे म्हणाल तर बहुतेक वेळा एसएमपीएस निर्दोष असतो. त्याच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बॉडीकडे एकेक छोटा कॅपॅसिटर असतो. अर्थिंग तुटलेले असले की बॉडी या दोघांच्या मधोमध, साधारण 115 व्होल्टवर तरंगते. करंट अगदी कमी, म्हणून हाताला झिणझिण्या येतात. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा नीट खोल जात नाही आणि मे महिन्यात ठणठणीत कोरडा पडतो. वायरमनकडून तो तपासून घ्या आणि दोन पिनी एक्स्टेंशन फेकून द्या. झिणझिण्यांऐवजी जोराचा झटका बसला तर मात्र मशीन लगेच बंद.

ड्रायरचा सल्ला या निरोपातला सगळ्यात वाईट. 230 व्होल्ट एसीचे डीसी झाले की आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी बसतात, काही प्रकारांत त्याहून जास्त. प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. म्हणून एसएमपीएसचा डबा घरी उघडायचा नाही. शिवाय ड्रायरने पाणी उडते, मीठ तिथेच राहते. खाऱ्या वाऱ्यासोबत आलेले मीठ धुळीत बसते, दमट हवा लागली की पुन्हा ओल ओढते आणि विजेला वाट करून देते. पावसाळाभर बंद राहिलेल्या घरात चाकरमानी गणपतीला येतात, प्लग लावतात आणि फाट् आवाज होतो, तो बहुधा यामुळेच. अशा मशीनच्या कॅबिनेटचे झाकण काढून (एसएमपीएसचे नव्हे), प्लग न लावता, टेबल फॅनचा वारा दिवसभर द्या. मागच्या जाळीतून मुंग्या किंवा पाल आत गेली नाही ना, तेही टॉर्चने बघा. आत करपल्याचा वास असेल तर सरळ नवा घ्या.

नवा घेताना डब्यावरचा मोठा आकडा सोडा, लेबलावरचे 12 व्होल्टचे अँपिअर वाचा. ‘450 वॅट’ छापलेल्या स्वस्त डब्यावर 12 व्होल्टला 18 अँपिअर असतील तर ते 216 वॅटच. आजचे मशीन जवळपास सगळे 12 व्होल्टवरच जगते. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ऑफिसच्या मशीनला तेवढे पुरते, अडचण डब्याच्या दर्जाची असते. ब्रँडेड छोट्या डेस्कटॉपांत बऱ्याचदा कनेक्टरच वेगळा असतो, तेव्हा जुना सोबत नेऊन दाखवा.

बसवताना प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, वायरींचा फोटो घ्या, मागचे चार स्क्रू सोडा. प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनी कनेक्टर विसरला की पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. मागे लाल 115/230 चा स्विच असेल तर तो 230 वरच हवा. 115 वर राहिला तर पहिल्याच क्षणी धडाका. वायरी सुट्या निघणारा एसएमपीएस असेल तर जुन्या वायरी नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. 5 व्होल्टच्या जागी 12 गेले की हार्ड डिस्क जाते.