टिपणं जागेवर ठेवणं हे ‘दहा ओळींचं काम’ नाही

प्रोग्रामर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. ‘एडिटरमध्ये (मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मजकुराला जोडलेली टिपणं जागेवर ठेवणं हे दहा ओळींचं काम. सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे ठेवा, बदल झाला की तेवढी अक्षरं मिळवा नाहीतर वजा करा. टिपण ज्यावर आहे तो मजकूर पुसला गेला तर टिपणही पुसा. अनडू आपोआप जमतं. टिपणं हजारो असली तरी कॉम्प्युटर वेगवान असतो.’ मी लक्ष देत नव्हते. पण धाकट्या भावाने मुलाखतींच्या शब्दांकनावर टिपणं लिहायला स्वतःपुरता एडिटर केला तो याच सल्ल्यावर, आणि त्याची दोन आठवड्यांची टिपणं एका दुपारी नाहीशी झाली.

मिळवा-वजा करा, हे अर्धं खरं आहे. बदल टिपणाच्या पूर्णपणे आधी झाला तर तेवढंच करायचं असतं, हे मान्य. पण ‘तो काल आला’ घ्या. ‘काल’वर टिपण आहे, ३ ते ६ (मोजणी शून्यापासून; कॉम्प्युटरच्या लेखी काना-मात्राही वेगळं अक्षर, आणि शेवटचा आकडा शब्द संपतो तिथला). आता शेवटचं ‘ल आला’ पुसा, म्हणजे स्पेस धरून पाच अक्षरं. मेसेजच्या हिशेबाने सुरुवात ३ वर राहते आणि शेवट ६ वजा ५, म्हणजे १ वर जातो. शेवट सुरुवातीच्या आधी! खरं उत्तर ३ ते ५ आहे, कारण पुसलेल्या भागात सापडलेलं टोक पुसण्याच्या जागेशी थांबवावं लागतं.

टोकांबद्दल तर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. ‘काल’च्या लगेच पुढे ‘च’ टाइप केला तर ‘कालच’ हा पूर्ण शब्द टिपणात यायचा की नाही? शब्दावरच्या टिपणाला यायला हवा, लिंकला नको. प्रोग्रामर वापरतात त्या व्हीएस कोड या एडिटरमध्ये एवढ्यासाठी चार वेगळे पर्याय आहेत. निओव्हिम या दुसऱ्या एडिटरमध्ये दोन्ही टोकांचा कल, म्हणजे तिथे मजकूर घातला तर टोक जागेवर राहणार की पुढे सरकणार हे, वेगवेगळा ठरवता येतो.

आता ज्या वाक्याने घात केला ते: ‘टिपण ज्यावर आहे तो मजकूर पुसला गेला तर टिपणही पुसा.’ एडिटरला ‘हलवणं’ कळत नाही. परिच्छेद कट करून दोन पानं खाली पेस्ट केला की त्याच्या लेखी एक पुसणं झालं आणि एक घालणं झालं. कट करता क्षणी त्या परिच्छेदावरची टिपणं मेली. भावाचं तर याहून वाईट झालं. त्याने दुहेरी स्पेस काढायला छोटी स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्टने अख्खा मजकूर उचलला, नीट केला आणि परत ठेवला. एक शब्दही बदलला नव्हता, पण नियमाप्रमाणे सगळा मजकूर ‘पुसला गेला’ होता, म्हणून सगळी टिपणं पुसली गेली, आणि ऑटोसेव्हने तेच डिस्कवर लिहिलं. अशा वेळी जुना आणि नवा मजकूर ताडून खरोखर काय बदललं तेवढंच लागू करायचं असतं. माणसाने विचार करून लिहिलेलं टिपण एका स्पेसपायी फेकून द्या, असा सल्ला बिनदिक्कत फॉरवर्ड होतो याचा मला संताप येतो.

वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेची वेब ॲनोटेशन डेटा मॉडेल ही टिपणांबद्दलची शिफारस २३ फेब्रुवारी २०१७ची आहे. नुसत्या आकड्यांनी जागा दाखवण्याची पद्धत बदलांपुढे फार ठिसूळ आहे, हे तिच्यात स्पष्ट लिहिलंय. दुसरी पद्धतही तिथेच आहे: टिपण लावलेले नेमके शब्द, त्यांच्या आधीचा थोडा मजकूर आणि नंतरचा थोडा मजकूर जपून ठेवायचा. जागा हरवली तर त्यावरून शोधता येते. फाइल एडिटरबाहेर बदलली असेल तर आकडे कुचकामीच.

अनडू आपोआप जमत नाही. ‘काल’ पुसल्यावर टिपण ३ ते ३ असं एका बिंदूवर येतं. अनडूने शब्द परत आला की टोकांच्या कलाप्रमाणे दोन्ही टोकं ३ वर राहतात, नाहीतर दोन्ही ६ वर जातात, नाहीतर उलटी होतात; सुरुवात जागेवर आणि शेवट पुढे असा कल असेल तरच ३ ते ६ मिळतं. दर वेळी नेमकी जुनी जागा हवी असेल तर पुसण्याच्या नोंदीतच टिपणाची जुनी जागा लिहून ठेवावी लागते.

वेगाचं म्हणाल तर दोनशे टिपणांना साधं लूप, म्हणजे दर बदलाला एकेक टिपण तपासत जाणं, चालेल, तिथे मी वाद घालणार नाही. हजारोंचा दावा मात्र तपासून केलेला दिसत नाही. ईमॅक्स या एडिटरमध्ये ओव्हरले (मजकुराच्या तुकड्यांना जोडलेल्या खुणा, आपल्या टिपणांसारख्याच) पूर्वी साध्या यादीत असायचे आणि ते वाढले की एडिटिंग रेंगाळायचं. २०२३ साली आलेल्या २९व्या आवृत्तीत त्यांच्यासाठी संतुलित ट्री (सगळी यादी न चाळता हवं ते पटकन सापडेल अशी फांद्यांची मांडणी) वापरून ती रचना नव्याने लिहावी लागली.

भावाचा एडिटर आम्ही दोघांनी परत लिहायला घेतलाय. प्रत्येक टिपणासोबत मूळ शब्द आणि आगेमागेची तीस-तीस अक्षरं ठेवतोय. जागा सापडली नाही तर टिपण बाजूच्या यादीत त्या मूळ शब्दांसह दिसत राहतं. पुसायचं की नाही ते तो स्वतः ठरवतो.