दुधाचा कागदी खोका पिशवीपेक्षा बरा? कोकणात तरी नाही

वाडीवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘दुधाची प्लास्टिकची पिशवी आजच बंद करा आणि दूध कागदी खोक्यातलं घ्या. खोका कागदाचा, म्हणून मातीत कुजतो. पिशवी कधीच रिसायकल होत नाही. खोक्यातलं दूध तापवावं लागत नाही, म्हणून गॅस वाचतो. काचेची बाटली मिळाली तर उत्तमच. सुटं दूध मात्र घेऊ नका, ते रोगाचं घर.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, अडकलेल्या आणि भरतीला खाजणातल्या कांदळवनावर लोंबणाऱ्या पिशव्या आपण सगळेच बघतो. पण सल्ला चुकीचा आहे. तो पाळला तर आपल्याकडचा कचरा वाढेल, म्हणून एकेका विधानाला उत्तर देतो.

‘खोका कागदाचा, म्हणून कुजतो’

सगळ्यात मोठी चूक इथे आहे. महिनोन् महिने टिकणारं दूध ज्या खोक्यात येतं, तो वजनाने साधारण ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के पॉलिथिन आणि ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतो. हे थर एकमेकांवर घट्ट चिकटवलेले असतात. पटत नसेल तर एक रिकामा खोका फाडून बादलीत भिजत घाला. चार-सहा दिवसांनी पुठ्ठ्याचा लगदा सुटू लागेल आणि हातात चंदेरी पापुद्रा राहील. परसातल्या खतखड्ड्यातही तेच होतं. कागद जातो, पापुद्रा तसाच उरतो.

आता हिशेब करू. राज्य सरकारने २०१९ मध्ये विधानसभेत सांगितलं होतं की महाराष्ट्रात रोज सुमारे १ कोटी दुधाच्या पिशव्या टाकल्या जातात आणि त्यांचं वजन ३१ टन भरतं. म्हणजे एक पिशवी सुमारे ३ ग्रॅमची. अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या धरल्या तर लिटरभर दुधामागे ६ ग्रॅम प्लास्टिक. एक लिटरचा खोका २८ ते ३० ग्रॅमचा असतो. त्याचे २० टक्के म्हणजे पुन्हा सुमारे ६ ग्रॅमच! वर अ‍ॅल्युमिनियम, आणि फिरकीचं बूच असेल तर तेही. ज्या प्लास्टिकपासून सुटका हवी होती, ते तेवढंच घरात येतं, फक्त पुठ्ठ्याच्या आत लपून. पिशवीतलं प्लास्टिक निदान एकजिनसी असतं. खोक्यातलं वेगळं करायला पुठ्ठ्याचा लगदा करणारी यंत्रणा लागते. असे खोके घेऊन पत्रे आणि बाकं बनवणारे कारखाने आहेत, पण गुहागर-दापोलीच्या वाडीतून तिथवर ते पोचवणार कोण? आमच्याकडचा भंगारवाला खोक्याला हात लावत नाही.

मग खोक्याचं काय होतं? ‘कागदच तो’ म्हणून न्हाणीच्या चुलीत किंवा बंबात जातो. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. पिशवी जाळताना माणूस थोडा तरी कचरतो. खोका जाळताना कुणालाच काही वाटत नाही, कारण तो कागद आहे असं आपल्याला सांगितलेलं असतं. पॉलिथिनचा धूर पाणी तापवणाऱ्या बाईच्या नाकात जातो आणि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे राखेत उरतात. ती राख माडाच्या आळ्यात पडते, कित्येक घरांत अजून तिनेच भांडी घासतात.

‘पिशवी रिसायकल होतच नाही’

होते. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते, आणि स्वच्छ, कोरडी मिळाली तर ती वितळवून पुन्हा दाणे करता येतात. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट देताना अटी घातल्या होत्या: जाडी किमान ५० मायक्रॉन हवी आणि परत घेण्याची किंमत, निदान ५० पैसे, पिशवीवर छापायला हवी. अट योग्य होती. पण पिशवी परत घेऊन ५० पैसे देणारं दुकान मी आमच्या बाजारात पाहिलेलं नाही. दोष त्या न राबवलेल्या व्यवस्थेचा आहे. संदेश तो पिशवीच्या माथी मारतो आणि त्यामुळे व्यवस्थेला जाब विचारायचा राहूनच जातो.

घरात आपल्या हातात असलेल्या गोष्टी अशा. कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. तो नखाएवढा तुकडा कुणीच गोळा करू शकत नाही. पहिल्या पावसात तो गटारातून पऱ्ह्यात आणि पऱ्ह्यातून खाडीत जातो. पिशवी घोटभर पाण्याने विसळा आणि ते पाणी दुधातच ओता. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीलाही एवढं पाणी जड नाही. मग पिशवी उलटी करून पडवीतल्या दोरीवर टाका. पावसाळ्यात ती तिथे चटकन सुकत नाही, चुलीच्या वरच्या दांडीवर सुकते. ओली ठेवली तर दोन दिवसांत आंबूस वास सुटतो आणि मग भंगारवालाही ती नाकारतो.

रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराच्या वर्षाला ७३० पिशव्या होतात आणि त्यांचं वजन जेमतेम सव्वादोन किलो. एवढ्यासाठी भंगारवाला दारात येणार नाही. वीस-पंचवीस घरांनी एका पोत्यात जमवल्या तर येईल. काजूची रोपं करणाऱ्या शेजाऱ्यालाही थोड्या देता येतात, पण रोप लावल्यावर पिशवी काढून परत आणायची, मातीत सोडायची नाही.

‘तापवावं लागत नाही, म्हणून गॅस वाचतो’

अर्धसत्य. ते दूध कारखान्यात काही सेकंद १३५ ते १४० अंशांपर्यंत तापवलेलं असतं. इंधन तिथे जळलेलंच आहे. पण न फोडलेला खोका फ्रिजशिवाय टिकतो, हा फायदा खरा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं. अशा वेळी घरात दोन-चार खोके असलेले बरे, विशेषतः तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर. अडीअडचणीची ती सोय आहे. तिचा रतीब लावायचं कारण नाही.

‘काचेची बाटली उत्तमच’

दूध कुठून येतं, त्यावर हे अवलंबून आहे. रिकामी बाटलीच दोन-तीनशे ग्रॅमची असते, पिशवी तीन ग्रॅमची. आपल्याकडचं बरंचसं पिशवीतलं दूध कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून येतं. एवढी काच घाटाखाली आणायची आणि रिकामी पुन्हा घाटावर चढवायची, तर डिझेलच किती जळेल! मुंबईत आरेच्या बाटल्या चालल्या, कारण रिकामी बाटली त्याच केंद्रावर देऊन भरलेली घ्यायची पद्धत होती आणि अंतरं छोटी होती. रत्नागिरी किंवा चिपळुणात जवळच्या गोठ्यांचं दूध भरणारा कुणी हे करत असेल तर जरूर घ्या, पण बाटली दर वेळी परत करा. बरणी म्हणून मांडणीवर ठेवली की तिचा सगळा उपयोग संपला.

‘सुटं दूध म्हणजे रोगाचं घर’

न तापवलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा रोग) होऊ शकतो, हे खरं. पण उकळल्यावर ते जंतू मरतात, आणि कोकणात दूध न उकळता कोण पितं? काळजी घ्यायची ती वेळेची. धार काढल्यापासून दोन-तीन तासांत उकळी यायला हवी, कारण आपल्या उन्हाळ्यात दूध लवकर नासतं. पाणी घातल्याचा संशय असेल तर गवळ्यासमोर लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजणारी नळी) लावा, प्रामाणिक माणूस रागावणार नाही. भांडं मात्र स्टीलचं, रुंद तोंडाचं, आतून हात घालून घासता येईल असं हवं. कचरा म्हणाल तर एक ग्रॅमही नाही.

दिल्लीत मदर डेअरी कित्येक वर्षं टोकनवर, नळातून गार दूध विकते. लोक घरचं भांडं घेऊन जातात आणि ते दूध पिशवीपेक्षा स्वस्त पडतं. चिपळूण, खेड, कणकवलीसारख्या बाजारपेठेत हे व्हायला हरकत नाही.

सुटं दूध सगळ्यांना पुरणार नाही, हेही मान्य करतो. आमच्या गावठी गाई दूध थोडंच देतात, आणि गणपतीला चाकरमानी आले की गावातलं दूध सकाळीच संपतं. ज्याच्या वाटेवर गोठा आहे त्याने कासांडी घेऊन जावं. बाकीच्यांनी पिशवीच घ्यावी आणि सुकवून पोत्यात टाकावी. पोतं ठेवायला ग्रामपंचायतीने बाजाराजवळ एक कोरडी, छपराची जागा द्यावी, ही मागणी पुढच्या ग्रामसभेत मांडता येईल. तो संदेश पुढे पाठवण्यापेक्षा या मागणीच्या अर्जावर सही करा.