‘बाहेर सगळं सरकार बघतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

विशेष मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘मूल दिव्यांग असेल तर भारतात एक दिवसही थांबू नका. बाहेर शाळा, थेरपी, पैसे सगळं सरकार बघतं. व्हिसाला काही अडचण येत नाही. फक्त आजपासून घरात मराठी बंद करा, म्हणजे मूल पटकन रुळेल.’ नाशिकच्या एका मैत्रिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘ताई, राजीनामा देऊन टाकू का?’ तिच्या नवऱ्याला मेलबर्नमध्ये नोकरी मिळतेय. मुलगी सहा वर्षांची, तिला डाउन सिंड्रोम आहे. आम्ही आमच्या ऑटिस्टिक मुलाला घेऊन सहा वर्षांपूर्वी इंग्लंडला आलो, म्हणून हे लिहिते आहे.

आधी व्हिसाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त घरं त्याच वाक्याने पोळतील. ऑस्ट्रेलिया अर्जदारांची वैद्यकीय तपासणी करते आणि त्या व्यक्तीच्या उपचारांवर व सेवांवर सरकारचा किती खर्च होईल, याचा हिशोब मांडते. जुलै २०२४ पासून मर्यादा आहे ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. खर्चाचा अंदाज त्यापुढे गेला तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि कायमच्या व्हिसाला एकाचं अडलं की सगळ्या घराचं अडतं. काही व्हिसांत, विशेषतः कंपनीने प्रायोजित केलेल्या, सूट मागता येते; काहींत ती सोयच नाही. न्यूझीलंडमध्येही खर्चाची अशी मर्यादा आहे. कॅनडाने २०१८ मध्ये आपली मर्यादा बरीच वाढवली आणि विशेष शिक्षणाचा खर्च त्या हिशोबातून काढून टाकला. म्हणजे ‘अपंग मूल असेल तर व्हिसा मिळतच नाही’ हेही खरं नाही. देश कोणता आणि व्हिसा कोणता, यावर सगळं ठरतं.

ब्रिटनमध्ये खर्चाची अशी चाचणी नाही. भारतातून दीर्घ मुदतीसाठी येताना क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. पण जानेवारी २०२४ पासून साध्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना मुलांना बरोबर आणता येत नाही; त्याच वर्षीच्या मार्चपासून केअर वर्कर्सनाही (वृद्ध, आजारी माणसांची काळजी घेणाऱ्यांना) ते बंद झालं, आणि जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच थांबलं. ‘आधी शिकायला जाऊ, पोराला घेऊनच जाऊ’ असं ठरवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता ‘सगळं सरकार बघतं’. शाळा फुकट मिळाली, हे शंभर टक्के खरं, आणि त्यासाठी मी मनापासून कृतज्ञ आहे. इंग्लंडमध्ये मुलाच्या गरजांचा कायदेशीर आराखडा होतो आणि तो मूल पंचवीस वर्षांचं होईपर्यंत चालू राहू शकतो. कायद्याने तो वीस आठवड्यांत हातात पडायला हवा. आमचा अकरा महिन्यांनी आला. तोवर स्पीच थेरपिस्टचे पैसे आम्हीच भरले. आमच्या निवासकार्डावर ‘नो पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते मिळणार नाहीत) असं छापलेलं होतं, त्यामुळे कायमचा परवाना मिळेपर्यंत अपंगत्वाचा भत्ता मागायची सोयच नव्हती. शिवाय आरोग्याचा अधिभार आहे: आज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. आई, वडील आणि एक मूल, पाच वर्षांचा व्हिसा, म्हणजे १४,२३० पौंड, तेही अर्जाबरोबर आगाऊ. पंधरा लाख रुपयांहून जास्त होतात हे!

अमेरिकेत तर आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर गेलेल्या तीन ते एकवीस वर्षांच्या दिव्यांग मुलाला सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे. फार मोठी गोष्ट आहे ती. पण एच-४ वरचं (म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावरचं) मूल एकविसाव्या वाढदिवशी त्या व्हिसातून बाहेर पडतं, आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची, म्हणजे तिथल्या कायमच्या परवान्याची, वर्षानुवर्षांची रांग माहीतच आहे. ज्याला कॉलेज किंवा नोकरीच्या व्हिसावर जाणं जमणार नाही, त्याचं पुढे काय, हे निघण्याआधीच विचारायला हवं.

राहिली मराठी. हे वाक्य वाचून मला खरंच राग आला.

इथल्या शाळेत गेला तेव्हा मुलाकडे जेमतेम बारा शब्द होते. रोज अकराच्या सुमाराला तो ‘मंमं, मंमं’ म्हणायचा. बाई प्रेमाने समजवायच्या, मम्मी तीन वाजता येईल. तो रडायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. डायरीत लिहून यायचं, ‘आईची आठवण काढतो.’ तिसऱ्या आठवड्यात ती पानं सलग वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. पोरगं भुकेलं होतं. त्या रात्री मी एक कागद केला: मंमं म्हणजे जेवण, गाई म्हणजे झोप, भूभू म्हणजे कुत्रा, नको म्हणजे नको. बाईंनी तो लॅमिनेट करून खाऊच्या टेबलाजवळ चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून अकराला केळं मिळू लागलं.

मराठी बंद केली असती तर ते बारा शब्दही गेले असते. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. आज तो शाळेत इंग्रजी बोलतो आणि फोनवर आजीला ‘जेवलीस का?’ विचारतो.

आणि भारतात काहीच नाही? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वं मान्य केली आहेत, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीची मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून उभी आहे. गावोगाव हे पोचलेलं नाही, मान्य. म्हणून जायचं असेल तर जरूर जा.

मैत्रिणीला मी एवढंच कळवलं: व्हिसाचा नेमका प्रकार आणि त्यात सूट मागता येते का, हे कंपनीकडून लेखी घे. मुलीचे सगळे रिपोर्ट एका फाइलीत लाव. मेडिकल पार पडून व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस, शाळेतून तिचं नाव काढू नकोस. आणि तिच्या शब्दांची यादी आजच करायला घे.